साडेबावन्न सेंटिमीटर सत्तेचे

हसऱ्या डुकराचं डोकं रडक्या डुकराच्या डोक्यापेक्षा महाग पडतं.

*

मापाची पट्टी तिकोनी असते. तिच्या तीन धारांना सहा कडा, प्रत्येकीवर वेगळं प्रमाण.

*

कडी उंचावर असली की दार उघडणारा माणूस, मग तो कोणीही असो, मागणारा दिसतो.

*

बुसानला समुद्र आहे. तिथे नऊ दिवस कसे जातात ते कळत नाही.

*

गिंकोची पिकलेली फळं बुटाखाली फुटली की घाण वास सुटतो आणि बुटाबरोबर घरात येतो. सोलमधल्या देहांगनो या नाट्यवस्तीत नाटकवाल्यांची घरं ऑक्टोबरभर त्याच वासाची.

*

फोन आला तेव्हा प्यो उनशिल सोलबाहेर, पाजूच्या स्टुडिओत एक खोटी लाँड्री उभारत होती. मालिकेसाठी. भिंतीला ओल आल्यासारखी दिसायला हवी होती, आणि ओल कशी चढते हे तिच्याइतकं सोलमध्ये कोणाला माहीत नव्हतं.

"प्यो ताई, मी बोमी. नाट्यगृहाच्या प्रशिक्षण विभागातून. नेपथ्यात येऊ बघणाऱ्या मुलांसाठी शनिवारी दुपारी मार्गदर्शन ठेवलंय. रंगमंचाची बाजू नामगुंग सर सांगणार आहेत. पडद्याची तुम्ही सांगाल का?"

"नामगुंग ह्योक?"

"हो, तेच! सर निवृत्त होतायत ना आता. त्याच कार्यक्रमात 'मिठागराचा दावा' नाटकाच्या नेपथ्याचं मॉडेल ते आपल्या संग्रहालयाला देणार आहेत. कायमचं. पितळी पाटीसुद्धा तयार झालीय."

"काय आहे पाटीवर?"

"नेपथ्य, नामगुंग ह्योक. दुसरं काय असणार?" बोमी हसली.

उनशिलही हसली. "येते मी. मुलं किती आहेत?"

"चाळीस."

"प्रत्येकाला एक तिकोनी पट्टी देईन म्हणते. माझ्याकडून भेट."

"अय्या, किती छान! मुलं खूश होतील."

साप बारा वर्षं डूख धरतो म्हणतात. उनशिलची एकवीस झाली होती. फोन ठेवून तिने ओल चढवायला घेतली, आणि त्या दिवशी ती भिंत अशी काही कुजली की दिग्दर्शकाने लांबूनच नाकाला रुमाल लावला.

*

सल्ला सातवा (उनशिलच्या वहीतून, शनिवारसाठी):
कामाचा नमुनासंग्रह बारा पानांचा करा. चौदा केलात तर बघणारा शेवटची दोन वाचणार नाही आणि तुमचं सगळ्यात चांगलं काम नेमकं तिथेच असेल.

सल्ला दुसरा:
सुताराशी भांडू नका. तो फोन करून प्रश्न विचारतो तेव्हा तो तुमचा अपमान करत नसतो, तुम्हाला वाचवत असतो.

सल्ला पहिला:
(खोडलेला.)

*

तेविसाव्या वर्षी उनशिल नामगुंग सरांच्या स्टुडिओत सगळ्यात लहान होती. नाक्सानच्या चढावर, चौथा मजला, लिफ्ट नाही. सगळ्यात लहानाला तिथे नावाने हाक मारत नसत. शेंडेफळ म्हणत. शेंडेफळाने ब्रश धुवायचे, कॉफीच्या पुड्या फोडायच्या, आणि पहिल्या प्रयोगाआधी बाजारातून डुकराचं उकडलेलं डोकं आणायचं. नाटक चालावं म्हणून रंगमंचावर पूजा असे, त्या डोक्यापुढे सगळे मानाप्रमाणे वाकत. आधी दिग्दर्शक, मग सर, मग नट. शेंडेफळाची पाळी येईपर्यंत मेणबत्त्या विझायला आलेल्या असत.

"हसरं आण गं," सर बजावत. "गेल्या वेळचं सासुरवाशिणीसारखं तोंड करून बसलं होतं. नाटक पडलं."

त्या शरदात 'मिठागराचा दावा' आलं. एका विधवेचं मिठागर सरकार बळकावतं आणि ती न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत राहते, असं नाटक. दिग्दर्शकाला मंगळवारी मॉडेल हवं होतं. सर बुसानला एका महोत्सवाचे परीक्षक होते. तिथून त्यांनी फोन केला. मागे लाटांचा आवाज येत होता.

"शेंडेफळ, तू काहीतरी उभं करून ठेव. मी आल्यावर बघतो."

तिने नाटक चार वेळा वाचलं. नऊ दिवस ती मॉडेलच्या खोक्यावर वाकलेली होती. एकास पन्नास प्रमाण, म्हणजे खरा मीटर मॉडेलमध्ये दोन सेंटिमीटर. मिठाने खाल्लेल्या भिंती तिने खऱ्या मिठाचं पाणी फिरवून केल्या. न्यायाधीशाचं आसन, कठडा, एक खिडकी, आणि मागे, मधोमध, एकच दार. दार तिने सर्वात शेवटी, सोमवारी कापलं.

मंगळवारी सकाळी सर आले. अंगाला उन्हाचा वास, हातात सुक्या माशाची पिशवी. एका बोटाने त्यांनी खोकं थोडंसं फिरवलं.

"चालेल," म्हणाले.

ते बोट. 'मिठागराचा दावा'त सरांचा वाटा विचाराल तर तो तेवढा, एका बोटाचा.

*

मॉडेलवरून नकाशे निघाले, नकाशे सुतारशाळेत गेले. आठवड्याने म्हाताऱ्या ग्वाक काकांचा फोन आला. ग्वाक काका म्हणजे देहांगनोतल्या निम्म्या दारांचे बाप. फोन स्पीकरवर होता, सगळा स्टुडिओ ऐकत होता.

"काय हो नामगुंग साहेब, दाराची उंची दोन मीटर साडेबासष्ट सेंटिमीटर? आणि कडी सव्वा मीटरवर? त्या मिठागरात जिराफ राहतात का?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी खोक्याकडे पाहिलं. मग हसणाऱ्याकडे. माहीत नाही म्हणणं हे नामगुंग ह्योक यांना कधी जमलं नव्हतं.

"ग्वाक, दिलंय तसं कर," ते म्हणाले. "विचार करून दिलंय."

मागे ब्रश धुणाऱ्या उनशिलच्या हातून ब्रश पाण्यात सुटला. तिला तिथल्या तिथे उमगलं होतं. दार कापताना पट्टी हातात फिरली होती. पन्नासाच्या कडेऐवजी चाळिसाची, म्हणजे एकास चाळीस प्रमाणाची, कड वर आली होती. त्यामुळे दार सव्वापट झालं होतं, सगळ्या बाजूंनी. उंची, रुंदी, कडी. हाताखाली काम करणारं प्रत्येक पोर ही चूक एकदा करतं आणि एकदा शिव्या खातं. ती बोलली असती तर सुताराने त्या दिवशी दार लहान केलं असतं आणि सरांनी तिला घरी पाठवलं असतं. ती ब्रश धूत राहिली.

पडदा उघडला. ठेंगणी नटी त्या दारासमोर आली आणि कडीला पोचायला तिला हात वर करावा लागला. प्रेक्षागृहात कोणीतरी श्वास आत घेतलेला ऐकू आला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत दाराशिवाय काही नव्हतं. वर्षअखेर बक्षीस.

कार्यक्रमपत्रिकेवर लिहिलं होतं, नेपथ्य: नामगुंग ह्योक. खाली बारीक अक्षरांत, साहाय्य: स्टुडिओतली मुलं.

ती पत्रिका हातात घेऊन गेली. "सर, माझं नाव..."

"कशासाठी?"

"मॉडेल मी केलं होतं. सगळं."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्यासाठी कॉफीची पुडी फोडली, स्वतःच्या हाताने, आणि मायेने म्हणाले, "हात तुझे होते, शेंडेफळ. नजर माझी होती. आणि नेपथ्य हे नजरेचं काम आहे."

पुढच्या महिन्यात तिची नोकरी गेली. सरांनी तीन-चार ठिकाणी नुसतं एवढंच सांगितलं की, हात बरा आहे पोरीचा, तोंड वाईट आहे. सात वर्षं देहांगनोत तिला कोणी रंगवायला भिंत दिली नाही. ती पाजूला गेली, सिनेमाच्या खोट्या विटा रंगवत राहिली, आणि एका विटेमागून एक अशी वर चढली.

इकडे सरांनी त्या दाराचं व्याख्यान केलं. मग पुस्तक केलं. 'दोन मीटर दहाचं दार माणसाचं असतं,' पृष्ठ अठ्ठ्याऐंशी. 'त्यावरचे साडेबावन्न सेंटिमीटर सत्तेचे.' नेपथ्य शिकणारी मुलं हे वाक्य परीक्षेत लिहीत आणि पास होत.

*

सल्ला चौथा:
पडद्यासाठी काम करताना कॅमेऱ्याला न दिसणारी बाजूही रंगवा. कॅमेरा बघत नाही, पण नट बघतो, आणि नटाचा चेहरा कॅमेरा बघतो.

सल्ला अकरावा:
साधनं महाग घेऊ नका. एक चांगली सुरी, एक जाड काच, एक तिकोनी पट्टी. मॉडेलचा पुठ्ठा फर्निचरच्या दुकानामागे फुकट मिळतो. वाचनालयात बसून जुने नकाशे हाताने काढा, फोटो काढू नका.

*

शनिवार. तालमीच्या दालनात चाळीस मुलं. दालनभर गिंकोचा वास, त्यावर सातूच्या चहाचा. टेबलावर काचेच्या पेटीत ते खोकं, शेजारी मखमलीवर पितळी पाटी. एकवीस वर्षांनी उनशिल त्याला बघत होती. मिठाचे डाग पिवळे पडले होते, आणि त्यामुळे भिंती आणखी चांगल्या दिसत होत्या. तिला त्याचाही राग आला.

नामगुंग सर काठी टेकत आले. तिने वाकून नमस्कार केला, जितकं वाकायला हवं तितकंच.

सरांनी माईक घेतला. "ही उनशिल. हो, हो, सिनेमावाली, मोठी झालीय आता. पण होती माझ्याकडेच! काय करायची माहितीय? पूजेचं डुक्कर आणायची. हसरं डुक्कर शोधण्यात हिचा हात कोणी धरू शकत नसे!"

दालन हसलं. उनशिलनेही हसू आणलं. हसऱ्याला भाव जास्त.

सर अर्धा तास बोलले. धीर धरा, गुरूच्या पायाशी बसा, नावासाठी घाई करू नका, नाव झाडासारखं आपोआप वाढतं. मग दार आलंच. "दोन मीटर दहा माणसाचे," सर म्हणाले आणि माईक मुलांकडे केला. चाळीस तोंडांनी एका सुरात पुरं केलं, "साडेबावन्न सेंटिमीटर सत्तेचे!"

बोमीने टाळ्या वाजवल्या.

उनशिल उठली. तिने आपले सल्ले सांगितले, सातवा, चौथा, अकरावा, आणि मुलं भराभर लिहून घेत होती, कारण ते खरोखर उपयोगाचे होते. सूड घ्यायचा म्हणून मुलांना फसवायचं, असं तिच्या मनात नव्हतं. मग तिने पट्ट्या वाटायला लावल्या, आणि प्रत्येकाला एक छापील कागद.

"कागदावर सरांच्या पुस्तकाचं पृष्ठ अठ्ठ्याऐंशी आहे. दार, खिडकी, कठडा, सगळ्याचा नकाशा, मॉडेलच्याच आकाराचा. दार मोजा बरं. पन्नासाच्या कडेने."

"उंची दोन मीटर साडेबासष्ट," पाच-सहा जण ओरडले. "रुंदी एकशे साडेबारा सेंटिमीटर. कडी एकशे पंचवीसवर."

"छान. आता पट्टी फिरवा. चाळिसाची कड घ्या."

टेबलांवर चाळीस पट्ट्या एकदम उलटल्या. गारा पडाव्यात तसा आवाज झाला.

पिवळ्या मफलरची एक मुलगी हळूच म्हणाली, "उंची दोन मीटर दहा."

"रुंदी नव्वद," शेजारचा म्हणाला. "बरोब्बर."

"कडी एक मीटर. ताई, हे तर साधं दार आहे. माझ्या घरचं आहे असं."

"खिडकी मोजा चाळिसाने," उनशिल म्हणाली. "कठडा मोजा."

"ते काही जुळत नाही. ते पन्नासानेच जुळतं. फक्त दारच चाळिसाचं..." मुलगी पुन्हा पट्टी लावून बघू लागली.

मागून एक जाडा मुलगा मोठ्याने म्हणाला, "अरे, पट्टी फिरलीय! मी गेल्या आठवड्यात हेच केलं, आमच्या बाईंनी कान उपटला!"

हशा पिकला. पण या हशात सर नव्हते.

उनशिल त्यांच्याकडे वळली. एकवीस वर्षांत तिने हा क्षण इतक्या वेळा घडवला होता की तिला तो जुना वाटला. सरांपुढे दोनच वाटा होत्या. चूक माझी म्हणायचं, म्हणजे व्याख्यान गेलं, पुस्तक गेलं, सत्ता गेली, उरलं पट्टी उलटी धरणारं पोर. नाहीतर चूक माझी नव्हे म्हणायचं. सर कोणत्या वाटेने जाणार हे तिला ग्वाक काकांच्या फोनच्या दिवशीच कळलं होतं.

"सर," ती म्हणाली, "हा योगायोग का?"

"उनशिल, तू अजून मापंच मोजत बसलीस. कलेत..."

"पण सर," पिवळा मफलर मध्येच म्हणाला, "उंची, रुंदी, कडी, तिन्ही एकदम? योगायोग तीनदा होत नाही ना. आणि तुम्ही लिहिलंय की कडी सव्वा मीटरवर मुद्दाम ठेवली."

"ठेवली! ठेवली म्हणजे..."

"चुकून राहिली असेल, सर," जाडा मुलगा दिलासा द्यावा तसं म्हणाला. "होतं असं. नवीन असताना."

तो 'नवीन असताना' सरांना लागला. मान लाल झाली. काठी त्यांनी जमिनीवर आपटली.

"नवीन? पंचेचाळीस वर्षं मी हे काम करतोय! असली पोरकट चूक माझ्या हातून? पट्टी उलटी धरणारा माणूस मी नव्हे! मी तर त्या खोक्याला हातसुद्धा लावला नव्हता! ते नऊ दिवस मी बुसानला होतो, विचारा कोणालाही! आलो तेव्हा सगळं तयार होतं, भिंती, कठडा, दार, सगळं!"

माईक चालू होता. 'सगळं' हा शब्द छताला लागून परत आला.

बोमीने देण्यासाठी उचललेली पाटी पुन्हा मखमलीवर ठेवली.

"मग कोणी केलं, सर?" उनशिलने विचारलं. अगदी अदबीने. वाकूनच.

सरांनी माईक खाली घेतला.

"नाव सांगा ना सर, मुलं लिहून घेतायत."

खरंच चाळीस पेनं कागदावर टेकलेली होती. पेनं बिचारी काही सूड म्हणून टेकली नव्हती, पण थांबली होती. सरांनी 'शेंडेफळ' म्हणायचा प्रयत्न केला असावा, ओठ तसे झाले. ते नाव कागदावर लिहिता येणारं नव्हतं.

"प्यो उनशिल," ते म्हणाले.

"मोठ्याने सर, मागे ऐकू गेलं नाही," जाडा मुलगा म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

"प्यो उनशिल!"

*

सर काठी टेकत बाहेर गेले. दारातून जाताना त्यांना कडी पटकन सापडेना. उनशिल बघत राहिली. आता कीव येईल म्हणून ती थांबली. बसथांब्यावर थांबावं तशी थांबली. आली नाही.

मुलं पट्ट्या पिशवीत टाकून निघाली. पिवळा मफलर मागे रेंगाळला.

"ताई, म्हणजे ते दार चूकच होतं?"

"चूकच."

"आणि बक्षीस?"

"तेही त्याच दाराला."

मुलीला हे पटलं नाही असं दिसलं. "मग आम्ही यातून शिकायचं काय?"

"मोजण्याआधी कडेवरचा आकडा वाचायचा. आणि मॉडेल चिकटवण्याआधी खोक्याच्या तळाला आतून नाव लिहायचं, तारखेसकट. हा माझा पहिला सल्ला होता. मी तो खोडला होता."

"का?"

"आधी तो खरा आहे हे सिद्ध करायचं होतं."

बोमी पाटी उचलून जवळ आली. रडवेली झाली होती. "ताई, आता यावर काय लिहू मी? कारागीर उद्या पाटी मागतील."

"नेपथ्य, प्यो उनशिल."

"आणि सरांचं?"

उनशिलने काचेच्या पेटीकडे पाहिलं. मिठाच्या भिंती, कठडा, चुकलेलं दार. त्या नऊ दिवसांत सर कुठे होते हे आता चाळीस जणांना माहीत होतं.

"लिही," ती म्हणाली. "परीक्षक, बुसान."

बोमीला हसू की रडू कळेना. तिने ते लिहिलं नाही. पाटीवर शेवटी एकच नाव आलं.

*

दार कापलं त्या सोमवारी उनशिलचे दोन्ही डोळे आले होते, कडेवरचा आकडा धड दिसत नव्हता.